बाळ दवाखान्यात असेपर्यंत आईचं ताट थांबवू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी मेळघाटात आशाताईंची गटप्रवर्तक आहे. मागणी एकच आहे : कमी वजनाचं बाळ एसएनसीयूत (आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विशेष कक्षात) असेपर्यंत त्याच्या आईला तिथेच खाट आणि जेवण मिळावं.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत आहार आहे, पण साध्या बाळंतपणाला 3 दिवस आणि सिझेरियनला 7 दिवस. दीड किलोचं बाळ मात्र आठवडे-आठवडे आत असतं. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडची एक कोरकू बाळंतीण सुट्टी झाल्यावर शहरातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात चादर टाकून राहिली. बाळ 1400 ग्रॅमचं. नवरा स्टँडवरून आणेल तो आलुबोंडा हेच तिचं जेवण. सिस्टर दूध मागायच्या आणि ही पिळायची, तेव्हा वाटीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. शेवटी घरच्या दोन लेकरांसाठी सासू तिला घेऊन गेली. बाळाला पावडरचं दूध सुरू झालं.

एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाला अंगावर ओढता येत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भाचे साधारण 34 आठवडे भरण्याच्या सुमारास बसतो. तोवर दूध पिळून नळीने किंवा पलाडईने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) द्यायचं. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा पिळलं नाही तर पान्हा आटतो. उपाशीपोटी, फरशीवर झोपून तिने हे करायचं कसं?

छातीशी धरायच्या कांगारू पद्धतीलाही आई जवळच लागते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्या जन्मल्या असं धरल्यावर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. साहेब, आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989 मध्ये आपल्याच सायन रुग्णालयात सुरू झाली. आईच्या दुधाचं मोल या राज्याला नव्याने सांगायला नको.

घरी आल्यावर आशाताई 42 दिवसांपर्यंत भेटी देतात, पण वजनकाटा बिघडला की लवकर बदलून येत नाही. दिवसाची वीस-तीस ग्रॅम वाढ नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तेवढं पाहावं.

आहाराच्या आदेशातले दिवस काढून तिथे ‘बाळाला सुट्टी होईपर्यंत’ असं लिहा आणि एसएनसीयूशेजारची एक खोली आयांसाठी ठेवा. हे पावसाळ्याआधी व्हावं. एकदा नाले भरले की गावी गेलेली आई बाळापर्यंत परत पोहोचतच नाही.

आपली विश्वासू,
एक गटप्रवर्तक, मेळघाट