आता तू तपासणार आहेस

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पायलटांची परीक्षक झालीस हे आईनं अख्ख्या गल्लीला सांगून झालंय. अभिमान मलाही आहे, पण फोनवर नीट बोलता येईना म्हणून लिहितोय. दर सहा महिन्यांनी स्वतः चेक, म्हणजे उडवण्याची परीक्षा, देणं वेगळं आणि मागच्या सीटवर बसून दुसरा उडवायला लायक आहे की नाही हे ठरवणं वेगळं.

गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मी आयुष्यभर कास्टिंग तपासलं. तिथं गेज म्हणजे मापाचा साचा असतो; बसलं तर पास, नाहीतर रिजेक्ट. माणसाला गेज लागत नाही. एकाच फ्लाइटला दोन अनुभवी परीक्षक वेगवेगळे गुण देतात, हे तूच सांगितलं होतंस. म्हणून गुण शेवटी ठेव, आधी दिसलं तेवढंच लिही. ‘हाताळणी कच्ची’ हा शेरा झाला. ‘फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) वेग पंधरा नॉटनी वाढला, शेजारच्यानं टोकलं नाही, दुरुस्ती उशिरा झाली’, ही नोंद झाली. शेऱ्यावर समोरचा वाद घालेल, नोंदीवर घालता येणार नाही. आणि शेवटी लँडिंग मऊ झालं म्हणून आधीचं सगळं माफ करू नकोस. नशिबानं जमलेलं आणि हाताला येत असलेलं, दोन्ही वरून सारखंच दिसतं.

सिम्युलेटरमध्ये टेकऑफला व्ही-वनवर, म्हणजे ज्या वेगानंतर थांबायचं नसतं तिथं, एक इंजिन बंद पाडतात ना, त्याचं मला फार वाटतं. नाक मेलेल्या इंजिनाच्या बाजूला ओढलं जातं, पायलट उलट बाजूचा रडर (शेपटीवरच्या सुकाणूचं पेडल) दाबतो, विमान सरळ ठेवून सावकाश उचलतो. पण इंजिन जाणार हे त्याला हॉटेलातून निघतानाच ठाऊक असतं! पाय आधीच तयार असतो. खरी परीक्षा अचानक आलेल्या गोष्टीची. रिओहून पॅरिसला निघालेलं आणि 1 जून 2009 ला कोसळलेलं एअर फ्रान्सचं विमान आठव. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. नाक वर ओढलं गेलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात. 228 माणसं गेली. तिघंही पायलट चेक पास झालेलेच होते, मनू.

2013 साली अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकानं, विमान कंपन्यांना कळवलं होतं की पायलटांना संधी मिळेल तिथं हातानं विमान उडवू द्या. तुझ्या हातात जेवढं आहे तेवढं तूही कर. नियमातले ठरलेले प्रसंग घ्यावेच लागतात, पण त्यांचा क्रम तरी बदल. ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) काढून एक साधी अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, उडवायला लाव आणि त्याची नजर कुठं फिरते ते बघ.

कधीतरी समोर तुझ्यापेक्षा सिनियर कॅप्टन येईल, कदाचित तुला शिकवलेलाच. आधी नमस्कार कर, मग तपास. कमी पडला तर नापास कर. त्याला पुन्हा ट्रेनिंग मिळतं, पुन्हा चेक देता येतो. मागं बसलेल्या प्रवाशांना दुसरी संधी नसते. मात्र डीब्रीफिंगला, म्हणजे चेकनंतरच्या चर्चेत, आवाज चढवू नकोस. आधी त्यालाच विचार, काय झालं असं वाटतं? स्वतःची चूक ज्याला दिसते तो सुधारतो.

रात्री दोनच्या सिम्युलेटरला परीक्षकही दमलेला असतो, तेव्हा दुपारी झोपून जा. आई भडंग पाठवतेय. पहिला चेक घेतलास की फोन कर. कुणाचं नाव, निकाल काही नको, तू काय काय टिपलंस तेवढं सांग.

तुझे,
बाबा