सूचना: बिनअल्कोहोल स्पिरिटच्या बाटल्या व मिश्रणे

सर्व सभासदांनी लक्ष द्यावे.

बिनअल्कोहोल स्पिरिटची (जिनसारख्या मद्याऐवजी घ्यायचे, अल्कोहोल नसलेले पेय) उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. टिकवणारा अल्कोहोल यात नसतो, त्यामुळे नेहमीच्या जिनसारखी ती कपाटात महिनोनमहिने राहत नाही. मुदत लेबलवर दिलेली असते, ती पाळा. गढूळपणा किंवा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्या.

पेय पाणचट लागण्याची तक्रार बहुधा प्रमाणामुळे होते. ५० मिलि स्पिरिटला १०० मिलि थंडगार टॉनिक वॉटर (कडसर सोडापेय) पुरे. त्याहून जास्त घातले की चव हरवते. बर्फ मोठ्या खड्यांचा घ्या, चुरा लगेच वितळतो. घशाला जाणवणारी धग हवी असेल तर आल्याचा रस ५ मिलि, तुरटपणासाठी गार केलेला कडक कोरा चहा १५ मिलि. मिठाच्या पाण्याचे (८० मिलि पाण्यात २० ग्रॅम मीठ) दोनच थेंब घाला, कडवटपणा मवाळ होतो.

बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडवट अर्क) मात्र जपून! अँगोस्टुरा या ब्रँडच्या बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतो. अल्कोहोल पूर्ण वर्ज्य असणाऱ्यांच्या ग्लासात एक थेंबही नको. ‘बिनअल्कोहोल’ लिहिलेल्या काही बाटल्यांतही ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतो, म्हणून अशा सभासदांसाठी ०.० टक्के लिहिलेलीच बाटली उघडा.