सोनपाखरू आणि एक 'आयला'

मिलान, रविवार

प्रिय सुध्या,

"ज्या गाड्या विकायच्याच नाहीत, त्या बांधायच्या कशाला?" हा तुझा प्रश्न दोन महिने उत्तरावाचून पडून आहे. काल इथून जवळच आरेझेला अल्फा रोमिओ या मोटार कंपनीचं म्युझियम पाहून आलो, आता लिहितोच.

तिथे काराबो आहे, तुझ्या प्रश्नातलीच, नुसती प्रदर्शनासाठी बांधलेली गाडी. १९६८ सालची, बेर्तोने कंपनीकडे असताना मार्चेल्लो गांदिनी या डिझायनरने काढलेली. बाभळीवरची सोनपाखरं आपण काड्यापेटीत ठेवायचो ना? रंग तसाच झगमगता हिरवा. नावही तसल्याच एका भुंगेऱ्याच्या कुळावरून घेतलेलं. उंची मीटरभरही नाही, आणि दारं बाजूला न उघडता वर जातात, भुंग्याने पंख उचलावेत तशी. मी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. रखवालदार संशयाने बघायला लागला तेव्हा निघालो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर काकांनाच विचारायला हवं होतंस. दापोडीच्या एसटी वर्कशॉपात चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बाहेरून यायची, बॉडी आपली माणसं बांधायची. तोरिनोचे बेर्तोने, पिनिनफरीना मुळात तेच: बॉडी बांधणारे. इंजिन दुसऱ्याचं, चासी दुसऱ्याची. काकांना काम शोधत हिंडावं लागलं नाही, यांना लागायचं. म्हणून प्रदर्शनात एखादी अचाट गाडी उभी करायची, की कारखानदाराने थबकून विचारावं, "आमच्यासाठी काय करशील?"

१९७० च्या तोरिनोच्या प्रदर्शनातली बेर्तोनेची स्त्रातोस झीरो घे. उंची ८४ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलापेक्षा जेमतेम वितीने कमी-जास्त. दार नाहीच, पुढची काच उचलायची आणि आत उतरायचं. इंजिन लान्चा कंपनीच्या फुल्विया गाडीचं. सांगतात, मालक नुच्चो बेर्तोने ती स्वतः चालवत लान्चाच्या कारखान्यावर गेला आणि फाटकाचा आडवा दांडा न उचलता खालूनच आत शिरला. टेंडर भरावं तर असं! पुढे जी खरी स्त्रातोस रस्त्यावर आली, ती झीरोसारखी दिसत नव्हती, पण तिने १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं लान्चाला जागतिक रॅलीचं अजिंक्यपद मिळवून दिलं.

झीरोच्याच वर्षी, १९७० मध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात पिनिनफरीनाची मोदुलो होती. चाकं अर्धी झाकलेली. मला ती गाडी कमी, उडती तबकडी जास्त वाटते. जुजारो या डिझायनरची बूमरँग मात्र आवडते. सगळे काटे स्टिअरिंगच्या गोलातच बसवलेले. गंमत म्हणजे जुजारो आणि गांदिनी दोघेही ऑगस्ट १९३८ चे, आणि जुजारोने बेर्तोने सोडल्यावर तीच खुर्ची गांदिनीला मिळाली.

पण मला खरं सांगायचंय ते गांदिनीनेच काढलेल्या लांबोर्गिनीच्या पिवळ्या कुंताचबद्दल. १९७१, जिनिव्हा. ती बनत असताना तिथला एक कामगार सारखा 'कुंताच' म्हणायचा. पिएमोंतच्या, म्हणजे तोरिनोकडच्या, बोलीतला उद्गार, आपल्या 'आयला'च्या जवळचा. तेच नाव राहिलं! म्हणजे दापोडीच्या बसवर 'आयला' रंगवून ती पुणे-सातारा सोडावी. पहिली आकृती इतकी गुळगुळीत होती की इंजिनला वाराच पुरेना. मग बाजूंना हवेसाठी खोबण्या आणि खोकी आली. मागचं जवळपास दिसत नसे, तेव्हा रिव्हर्स घेताना दार वर करून, उंबऱ्यावर बसून मान वळवायची.

आणि ती पहिली, हाताने ठोकलेली गाडी? १९७४ मध्ये विक्रीची परवानगी मिळवण्यासाठी ती इंग्लंडमध्ये चाचणीत आदळून फोडली. लागणारच होती एक गाडी, हीच दिली. काम झालं होतं तिचं. पहिल्या प्रदर्शनानंतर पन्नास वर्षांनी कंपनीने कागद आणि फोटो धुंडाळून, पंचवीस हजारांहून जास्त तास खपून, २०२१ मध्ये एका संग्राहकासाठी तशीच दुसरी बांधली. सुंदर आहे, पण मला तिच्याकडे बघवत नाही. गांदिनी २०२४ च्या मार्चमध्ये गेला.

काकांना एक विचार. स्वतः बांधलेली एखादी बॉडी भंगारात निघताना त्यांनी पाहिली होती का? आणि तेव्हा तोंडातून काय निघालं, ते जसंच्या तसं लिही. काकूंसमोर वाचून दाखवू नकोस म्हणजे झालं.

तुझा,
बंड्या