मिशन ट्रिपला जायचंय? आधी हातात काम असू दे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वसईची, पेशाने नर्स. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधे फ्रीटाऊनच्या बंदरात 'ग्लोबल मर्सी' या हॉस्पिटलच्या जहाजावर व्हॉलंटियर म्हणून काम करून आले आणि तेव्हापासून आमच्या भागातली कॉलेजची मुलंमुली सारखी विचारतायत की आम्हाला पण परदेशी मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चतर्फे सेवा करायला, जायचंय, कसं जायचं. त्यांच्या घरच्यांपर्यंत पण पोचावं म्हणून पेपरला लिहितेय.

हे जहाज मर्सी शिप्स या ख्रिस्ती संस्थेचं, संस्था १९७८ पासून आहे. आत सहा ऑपरेशन थिएटर, २०० बेड. पेशंटकडून एक पैसा घेत नाहीत आणि व्हॉलंटियरला पगार नाहीच, उलट प्रवासाचा वगैरे खर्च आपणच करायचा, मग तो सर्जन असो की किचनमधे भांडी घासणारा. हर्निया, दुभंगलेले ओठ, गुडघ्यात वाकलेले पाय, चेहऱ्यावर नारळाएवढ्या वाढलेल्या गाठी. आपल्याकडे तालुक्याला होतात अशी ऑपरेशनं तिथे माणसांनी वर्षानुवर्षं अंगावर काढलेली असतात. देशात १९९१ ते २००२ यादवी युद्ध चाललं, जरा सावरतायत तोवर २०१४ ला इबोला आला, त्यात डॉक्टर नर्स पण गेले. तिथल्या केनेमा शहरातले डॉ. शेख उमर खान इबोलाच्या पेशंटवर उपचार करता करताच वारले. मग ऑपरेशन करणार कोण आणि कुठे?

एक प्रसंग सांगते. जबड्याची मोठी गाठ काढलेली एक बाई होती, तोंडाने काही घेता येत नव्हतं म्हणून नाकातल्या नळीतून सिरिंजने दुधाचं फीड द्यायचं. ती दर वेळी माझा हात बाजूला करायची. दुखत असेल म्हणून औषध बघितलं, नळी तपासली, सगळं ठीक. ती फक्त मेंडे भाषा बोलायची आणि मला क्रिओ या तिथल्या दुसऱ्या भाषेचे जेमतेम चार शब्द यायचे. शेवटी आमची तिथली दुभाषी मुलगी तिच्याशेजारी बेडवर बसली, बराच वेळ हळू आवाजात बोलली आणि मग कळलं की त्या दुधाचे पैसे घरी गेल्यावर कोणीतरी मागायला येणार अशी तिला भीती होती!! दुभाषीने तीन तीन वेळा समजावलं तेव्हा तिने हात खाली घेतला. ती मुलगी नसती तर माझं सगळं नर्सिंग तिथे अडकलं असतं.

'मग तिकडे धर्मांतर करता का' असं पण लोक विचारतात. सिएरा लिओनमधे बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत, एका बेडवर नमाज आणि पलीकडे आमची प्रार्थना असं वॉर्डात चालायचं, ऑपरेशनसाठी कुणाचा धर्म बघत नाहीत. माझी श्रद्धा मला तिथे घेऊन गेली हे मी लपवत नाही, पण पेशंटवर तिचं ओझं टाकायचं नसतं.

आता ज्या ट्रिपबद्दल पोरं विचारतात ती वेगळीच असते. दोन आठवडे जायचं, अनाथाश्रमाच्या भिंती रंगवायच्या, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि परत. याला माझा स्पष्ट विरोध आहे. भिंत रंगवणारा त्या गावात असतोच, त्याची मजुरी का घालवायची? आणि तिथल्या 'अनाथ' मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईबाप असतात, पाहुणे आणि देणग्या येत राहतात म्हणून मुलं पण ठेवली जातात. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला त्यानंतर अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चचे दहा जण ३३ मुलांना नीट कागदपत्रं नसताना बसमधून डोमिनिकन रिपब्लिकला न्यायला निघाले आणि बॉर्डरवर पकडले गेले. अनाथ म्हणून नेत होते आणि बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. मदत करायलाच गेले असतील, पण त्या आयांचं काय झालं असतं?

मिशनसाठी परदेशी जाणं आपल्या वसईला तर नवीन पण नाही. संत गोन्सालो गार्सिया इथलेच, १५९७ ला जपानमधे नागासाकीत त्यांना क्रूसावर मारलं. त्यांना जपानी चांगली येत होती आणि धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून ते काम करायचे. उलट बाजूने बघा, मिरजेचे डॉ. वॉनलेस १८८९ ला परदेशातून भारतात आले ते जवळजवळ चाळीस वर्षं राहिले, हॉस्पिटल उभारलं आणि इथल्याच पोरांना शिकवायला मेडिकल स्कूल पण काढलं.

म्हणून पॅरिशमधल्या, म्हणजे आपापल्या चर्चच्या, मोठ्यांना विनंती आहे की ग्रुपच्या ग्रुप पाठवण्यापेक्षा एखादीच ट्रेनिंग झालेली नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, कुक निवडा आणि सगळ्यांनी मिळून तिचा किंवा त्याचा काही महिन्यांचा खर्च उचला. जहाजावर इंजिनरूमपासून शाळेपर्यंत सगळीकडे माणसं लागतात, फक्त डॉक्टरच लागतात असं नाही. कॉलेजच्या मुलांनी आधी शिक्षण पूर्ण करावं, दोनतीन वर्षं नोकरी करावी, तोवर तिकिटाचे पैसे तिथल्याच नर्सच्या ट्रेनिंगला पाठवता येतील. आणि तरीही कोणी ट्रिप काढणारच असेल तर पेशंटचे आणि लहान मुलांचे फोटो इन्स्टावर टाकणार नाही असं निघायच्या आधी प्रत्येकाकडून लिहून घ्या.

आपली नम्र,
एक वाचक, वसई