बँडला साडेआठ हजार, डिपॉझिटला उधारी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या जळगावात सिंधी लोकं काही नवीन नाहीत, ४७ च्या फाळणीनंतर आलेल्यांची तिसरी पिढी आता आपल्यापेक्षा चांगली शेवभाजी करते. पण अजूनही पाकिस्तानातून कुटुंबं येतात, हे आमच्या गल्लीला दोन वर्षांपूर्वी कळलं. सिंधमधल्या जेकबाबादकडचं एक कुटुंब आलं, म्हातारे बाबा, मुलगा, सून, दोन पोरं. आम्ही लगेच वर्गणी काढली, गणपतीचं उरलेलं पावतीपुस्तक घेतलं आणि दारोदार फिरलो. ४६ हजार २०० जमले. कोणी नाही म्हटलं नाही, हे आधी सांगतो, कारण पुढे मी तक्रारच करणारे.

बँड ८,५००. मांडव, बॅनर, हार ५,७००. वरणबट्टी आणि भरिताची पंगत १२ हजार. पंगतीत जेवलो आम्हीच. बाबा आदल्या रात्रीच्या प्रवासाने इतके थकलेले की हार गळ्यात घेऊन खुर्चीवरच झोपले. मी त्यांना म्हटलं बाबा इथं मे महिन्यात फार ऊन असतं हां, तर ते हसायला लागले, जेकबाबादला पारा पन्नासच्या वर जातो म्हणे. आम्ही कूलर घ्यायच्या गप्पा मारत होतो.

राहिले २० हजार, आणि घरमालकाने डिपॉझिट मागितलं ३०. इतरांकडून पंधराच घेतो, पण "बाहेरचे लोक ना भो". वरचे दहा मी आणि शेजारच्या भाऊंनी उसने आणले. मग बँकेने तीनदा परत पाठवलं. आता बघा, हे लोक लाँग टर्म व्हिसावर असतात आणि अशा व्हिसावरच्या पाकिस्तानी हिंदूंना खातं, आधार, पॅन, लायसन्स, राहण्यापुरतं छोटं घर घेणं, हे सगळं सरकारनेच चालतं म्हणून सांगितलेलं आहे, पण ते काउंटरवरच्या माणसाला कोण सांगणार? नागरिकत्व तर लांबच. सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायदा, त्यात भारतात येण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०१४, हे आले त्यानंतर. शाळेत तिकडचा दाखला नाही म्हणून अडवलं, आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, दाखल्यावाचून पोराला अडवता येत नाही हे सांगायला आमच्या वहिनी चार चकरा मारून आल्या. त्या चार चकरा बँडपेक्षा महाग आहेत असं माझं मत.

माझा भाचा टोरोंटोकडे राहतो, त्याला फोनवर हे सांगत होतो. तो म्हणे मामा, इकडे २०२४ पर्यंत पाच शेजारी मिळून निर्वासित कुटुंब बोलवायला अर्ज करू शकत होते, पण आधी पैशाची सोय दाखवावी लागायची आणि साधारण वर्षभर घर, किराणा, शाळा, डॉक्टर सगळं बघावं लागायचं. १९७९ ला व्हिएतनामकडून बोटीतून आलेल्यांच्या वेळी तिथं हजारो लोकांनी असं केलं. म्हणजे स्वागत एका दिवसाचं नाही, बारा महिन्यांचं. आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाच नाही, १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, तर वर्षभराचं बंधन आपल्यावर कोण घालणार, आपणच घालायचं.

मग आम्ही भिशी लावली. २२ घरं, महिना ३०० रुपये, बारा महिने, सगळे नंबर त्यांचेच. ६,६०० मधून ५,५०० भाडं, उरलेल्यात पोरांची रिक्षा. मुलगा आता कापडाच्या दुकानात लागला. नवव्या महिन्यात सून माझ्या घरी आली आणि म्हणाली पुढच्या महिन्यापासून आमचेही तीनशे घ्या. आम्ही नको म्हणत होतो, तिने टेबलावर ठेवले आणि गेली.

आता आमच्या शेजारच्या कॉलनीत अजून एक कुटुंब येतंय. तिथल्या मंडळींनी परवा मला बँडवाल्याचा नंबर मागितला. मी दिला नाही, घरमालकाचा दिला.

आपला,
एक वाचक, जळगाव