व्हिएन्नातला रविवार, आणि आपलं ते दार

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, आणि व्हिडिओ कॉल लावला की आई आधी माझा चेहराच वाळलाय म्हणते, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, बाबांची चष्म्याची वरखाली नको.

तर आज रविवार, ऑफिसची सुट्टी. सोबतची मंडळी दुसरीकडं फिरायला गेली, मी नाही गेले. आई, एकटीच होते होय, आणि काही झालं नाही. फक्त सकाळी ट्राम उलट्या बाजूची धरली आणि चार स्टॉप गेल्यावर कळलं, एवढंच. पाण्याची पण काळजी करू नकोस, इथं नळाचं पाणी थेट डोंगरातल्या झऱ्यांचं येतं, १८७३ पासून पाइपनं आणलंय, आपल्या बेळगावच्या राकसकोप धरणाच्या पाण्यापेक्षा गार आणि रोज येतं, आठवड्याची वाट बघायला लागत नाही!

आधी सेंट स्टीफन म्हणून मोठ्ठं चर्च आहे तिथं गेले. दक्षिणेकडचा मनोरा १३६ मीटर उंच, आत ३४३ पायऱ्या, गोल गोल जिना. शंभराव्या पायरीला वाटलं येल्लम्माचा डोंगर बरा, तिथं निदान मध्ये लिंबू सरबत मिळतं. पण बाबा, तुमच्यासाठीची गोष्ट दुसऱ्या मनोऱ्यात आहे, आणि तिथं लिफ्ट आहे. तिथं पुम्मेरिन नावाची घंटा टांगलीय, वीस टनाच्या वर वजन. १६८३ ला तुर्कांनी शहराला वेढा घातला होता, ते हरून गेले आणि तोफा इथंच राहिल्या, त्याच वितळवून १७११ मध्ये पहिली घंटा ओतली. मग १९४५ ला युद्धाच्या शेवटी चर्चला आग लागली, घंटा खाली पडून तुकडे तुकडे. तर या लोकांनी तेच तुकडे गोळा करून परत ओतली. १९५० चा पहिला प्रयत्न फसला, १९५१ ला जमलं. मी जाळीपाशी उभी राहून हाच विचार करत होते की बाबा असते तर पहिलं ओतकाम कशानं फसलं ते इथं उभ्या उभ्या सांगितलं असतं, साचा ओला राहिला की मेटल थंड पडलं की काय. उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं काढल्यावर तेवढं कळणारच की. विजापूरला मुलूख-ए-मैदान तोफेवर हात ठेवून तुम्ही आम्हाला जॉइंट शोधायला लावला होता, आठवतंय? तिथली तोफ तोफच राहिली, इथल्या तोफांची घंटा झाली.

नंतर म्युझियम. राजघराण्याचा सगळा संग्रह आहे, १८९१ ला उघडलेली इमारत, जिन्यातच अर्धा तास गेला. बॅग खाली जमा करायला लावली, त्यात आईचा चिवडा! एक सोन्याचं मीठ-मिरीचं भांडं बघितलं, चेल्लिनी म्हणून कारागीर होता त्यानं फ्रान्सच्या राजासाठी घडवलेलं, समुद्र म्हणजे पुरुष त्याच्याजवळ मीठ, धरती म्हणजे बाई तिच्याजवळ मिरी. आई, ताटात मीठ वाढायला एवढा थाट! २००३ मध्ये चोरीला गेलं होतं, २००६ ला जंगलात पुरलेलं सापडलं.

पण खरं सांगायचं ते ब्रॉयगलच्या खोलीचं. साडेचारशे वर्षांपूर्वीचा चित्रकार, जगात त्याची चाळीसेक चित्रं उरलीत त्यातली डझनभर इथं. एक बर्फातून दमून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं, एक गुरं डोंगरावरून खाली आणतात त्याचं, ते बघून आपल्या गावाकडची संध्याकाळ आठवली. आणि मधे शेतकऱ्यांच्या लग्नाचं, १५६७ च्या आसपासचं. बाबा, धान्याच्या खळ्यात पंगत बसलीय. नवरी हिरव्या कापडासमोर डोळे मिटून गप्प बसलीय, नवरा कुठला ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, एक लहान पोरगं मोठी टोपी घालून जमिनीवर बसून ताटली बोटानं चाटतंय. वाजंत्रीवाला वाजवायचं सोडून जेवणाकडं बघतोय, हे तर आपल्या बँडवाल्यांचंच. आणि वाढपी दोघं वाट्या आणतायत ते एका दारावर, बिजागरीतून काढलेलं साधं लाकडी दार, त्यावरच सगळ्या वाट्या मांडलेल्या. त्या दाराखालचे पाय मोजले तर एक जास्त येतो म्हणे, मी तीनदा मोजले, येतो खरा.

समोर सोफा होता, पाऊण तास बसले. कुणी चल म्हणालं नाही. बेळगावच्या किल्ल्यात कमळ बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात, तुम्ही मान वर करून दगडातलं ते कमळ बघत राहायचा आणि आम्ही पोरं तुमचा शर्ट ओढून चला चला करायचो, बारा रुपयांच्या आइस्क्रीमसाठी. ते आठवून लाज वाटली थोडी.

मधेच मागून कुणीतरी धारवाडी कन्नडमध्ये बोलल्याचं ऐकलं, वळून म्हटलं ऊटा आतेन्री, म्हणजे जेवण झालं का? ती दोघं दचकलीच. मग बाहेर बाकावर बसून आमचा चिवडा, त्यांच्याकडचा पेढा, निम्मं कन्नड निम्मं मराठी. त्या काकू म्हणाल्या बेळगावचा कुंदा नाही आणला होय? काय सांगू.

आता मुद्द्याचं. मावशीच्या लग्नात गावाकडं मांडवामागं दार काढून त्यावर पांढरी साडी टाकून बुंदीचे लाडू वळायला ठेवले होते ना, मी पाचेक वर्षांची असेन, मला फक्त ते दार आणि खाली बसलेलं मांजर आठवतंय. ते कुठल्या खोलीचं होतं? परत बसवलं का, की गोठ्याला लावलेलं तेच? आई, तुला नक्की माहीत असेल, पुढच्या फोनला आधी हे सांग.

तुमची,
धाकटी