आई, ते पिंजारलेले केस म्हणजे नेगुसे

ओसाका, जपान

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण, थंडी, नोकरी हे आपण दर रविवारी बोलतोच. पण फोनवर माझे पिंजारलेले केस दिसल्यापासून आई दोन दिवस काळजीत आहे, असं बाबांनी कळवलं. आई, मी आजारी नाही आणि उपाशीही राहत नाही. त्या केसांना इथे ‘नेगुसे’ म्हणतात. ‘ने’ म्हणजे झोप, ‘कुसे’ म्हणजे सवय. जोडताना ‘कु’चा ‘गु’ होतो. झोपेत केसांना लागलेलं वळण, एवढंच. ‘नेगुसे त्सुइतेरु यो’ असं कुणी हळूच सांगितलं, तर केस नीट कर म्हणून सुचवलेलं असतं.

त्याचं मूळ अंघोळीत आहे. इथे बहुतेक घरांत अंघोळ रात्री. आधी टबाबाहेर बसून अंग-डोकं स्वच्छ धुवायचं, मगच गरम पाण्यात बसायचं. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात, म्हणून टबात साबणाचा फेसही न्यायचा नाही. मग ओल्या डोक्याने झोपलं की केस उशीवर दाबले जातात तसेच सुकतात. पाण्याने केसांतले हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना नव्या आकारात जुळतात. ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी लाटा पडतात, त्याचं कारण हेच.

ते सरळ करायला नुसती टोकं ओली करून भागत नाही, वळण मुळाशी असतं. टॉवेल भिजवून घट्ट पिळायचा, मायक्रोवेव्हमध्ये ५०० वॉटवर साधारण १ मिनिट ठेवायचा, हाताला सोसेल इतका निवला की २-३ मिनिटं डोक्याला गुंडाळायचा. मग वळणाच्या उलट दिशेला बोटांनी केस ओढत मुळापासून ड्रायर, शेवटी गार हवा. मुळं दमट राहिली तर पुन्हा उभे राहतात.

‘बोसाबोसा’ हा शब्द मात्र मनाला लागतो. न विंचरलेले, निगाच न राखलेले केस, आपल्या झिंज्या. नुसत्या रिकाम्या उभ्या राहणाऱ्यालाही तोच लावतात. राठ केस ‘बासाबासा’, कोरडे ‘पासापासा’ (शिळ्या पावालाही हाच शब्द), आणि सुळसुळीत ते ‘सारासारा’. तुला दिसलं ते नेगुसे, आई. बोसाबोसा नव्हे. मी माझी नीट काळजी घेते.

बाबा, आजीच्या मोतीबिंदूसाठी ३५ हजार पाठवलेत, खात्यावर पाहा. औषधांना कमी पडले तर लगेच सांगा, मागेपुढे बघू नका. त्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. नाही म्हणत नाही, समोर बसून बोलायचंय. फोटो रविवारी पाठवते.

ऑपरेशनला मी तिथे हवी होते. आई, डॉक्टर हो म्हणेपर्यंत आजीचं डोकं धुऊ नकोस, डोळ्यात पाणी जायला नको. वेणी सैल घाल, आणि रोज घाल.

तुमची धाकटी